सिस्टरांची मुकी शाळा

सिस्टर मातीला हात लावायच्या तो नेहमी उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. जरा थांबून म्हणायच्या, "तापलीय. उघडी पडलीय बिचारी. पांघरूण घाल." पांघरूण म्हणजे पालापाचोळा, कापलेलं गवत, भिजवलेला पुठ्ठा, जे हाताला लागेल ते. नॉटिंगहॅमच्या मातीला ताप यावा एवढं ऊन इथं इंग्लंडात किती पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ज्या बाईचा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला, तिला जगातली प्रत्येक गोष्ट पेशंटच दिसणार.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आमच्या मराठी मंडळात सगळेच त्यांना सिस्टर म्हणायचे, मीही तेच म्हणते.

पुढचं कळावं म्हणून आधी माझं थोडं सांगते. मी शाळेत जायच्या आधीच माझे वडील गेले. घर नगर जिल्ह्यात, पारनेरकडे. आई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. कांदा लावायला, खुरपायला, काढायला. तिच्या बोटांच्या भेगांत माती अशी बसलेली, की देवापुढं हात जोडले तरी देवाला आधी मातीच दिसायची. संध्याकाळी चुलीच्या उजेडात ती सुईनं पायातले काटे काढायची आणि मला दम द्यायची, "पुस्तक सोडू नको. खुरप्याला शिवलीस तर हात मोडून ठेवीन." मी शिवले नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी अभिमानानं सांगते, आणि पुन्हा विचारलंत तर पुन्हा सांगेन.

सिस्टर भेटल्या त्या गणपतीच्या कार्यक्रमात. मी नुकतीच इथल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात लागले होते. पांढऱ्या केसांची, कार्डिगन घातलेली एक बाई मोदकाची प्लेट घेऊन थेट माझ्यासमोर आली.

"सलाम, पोरी. कुठली तू?"

"नगर जिल्हा."

"अगं, मी नगरचीच! आमच्या देवळाची घंटा वाजली की आख्खी गल्ली उपासनेला निघायची. तू कुठली, नगरात?" सिस्टर मराठी ख्रिस्ती; त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात आणि भेटल्यावर सलाम.

"पारनेरकडची."

"म्हणजे खुरपं धरता येत असेल."

"धरायला लागू नये म्हणून तर शिकले."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मोदकाचं सारण कार्डिगनवर सांडलं. "मला असंच माणूस पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "शनिवारी ये."

त्यांना तसं माणूस का पाहिजे होतं, ते शनिवारी कळलं. रिटायर झाल्यापासून सिस्टर त्यांच्या चर्चच्या मिशनतर्फे दरवर्षी केनियाला जायच्या. तिथल्या एका मसाई वस्तीत विधवांना भाजीपाला पिकवायला शिकवायच्या. कमी पाण्यात, विकतच्या खताशिवाय, जमीन न थकवता. वस्तीत गाई हीच दौलत. नवरा गेला की गाई दिरांकडे जातात आणि बाई दुसऱ्याच्या दुधावर येते. पण जमीन उकरणं त्या लोकांना कमीपणाचं वाटतं. जमीन उकरली की गवत मरतं, आणि गवत मेलं की गाय मरते, असं त्यांचं म्हणणं.

"त्या बायका माझ्याकडे कशा बघतात माहितीय? गणपतीत मी खुरप्याचं नाव काढल्यावर तू बघितलंस ना, तश्शा," सिस्टर म्हणाल्या. "तुला मातीत हात घालायला लावलं ना, की त्यांना लावता येईल. तू माझी प्रॅक्टिस."

आणि एक अट होती. धड्याच्या वेळी बोलायचं नाही. "दुभाष्याच्या भरवशावर शिकवलं की अर्धं त्याच्या खिशात राहतं. मी गेले, तो गेला, की मागे काय उरलं? हाताला हातानं शिकवलेलं उरतं."

अशी आमची मुकी शाळा सुरू झाली. कौन्सिलच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्यानं मिळणाऱ्या जागेवर, त्यांचा जमिनीचा तुकडा होता. तिथं त्या अर्धचंद्राच्या आकाराचा खड्डा खणून दाखवायच्या, उताराकडे बांध, वरून येणारं पाणी आत. मग खणती माझ्या हातात. चुकले की डोकं हलवायच्या, बरोबर आलं की वॉर्डातल्या नर्सला शाबासकी देतात तसा अंगठा वर. राख कुठं टाकायची, पोत्यात माती भरून कडेनं पालक कसा लावायचा, बी कुठलं राखून ठेवायचं, सगळं शब्दावाचून. शेजारच्या तुकड्यावर एक म्हातारा इंग्रज होता, रिटायर झालेला बस ड्रायव्हर. तो कुंपणावर रेलून आमचे हातवारे बघत राहायचा. एकदा हळूच मला म्हणाला, "लव्ह, त्या बऱ्या आहेत ना?" लव्ह म्हणजे इथलं 'बाळा'. सिस्टरांनी ते ऐकलं आणि पूर्ण मुक्यानं, नुसत्या हातांनी, त्याला त्याच्याच कोबीवर अळी पडल्याचं समजावलं. त्याला बरोबर समजलं. "बघ," सिस्टर मला म्हणाल्या, "मसाई झाला तो."

प्रार्थनाही त्या तिथंच करायच्या. वाफ्याशी गुडघे टेकून, निंदता निंदता. "गुडघे टेकायचेच आहेत, तर दोन्ही कामं उरकतात," म्हणायच्या. धर्माचं बोलणं त्यांच्या तोंडी याहून जास्त मी ऐकलं नाही.

तिथल्या गोष्टी मात्र रंगवून सांगायच्या. त्यांची आवडती बाई नाशिपाई. तरुणपणीच विधवा झालेली, उंच, जिभेची तिखट. पहिला पालक उगवला त्या दिवशी नाशिपाईच्या सासूनं सिस्टरांचा तळहात धरला आणि त्यावर हलकेच थुंकली. तिथं तो वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद. "आख्खी नोकरी मी लोकांना हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडले," सिस्टर सांगायच्या, "आणि त्या दिवशी हात धुवायला मन होईना."

मग एका उन्हाळ्यात माझी आई इथं आली. मी मोठ्या हौसेनं तिला अलॉटमेंटवर नेलं. मी वाकून पालापाचोळा पसरत होते, नखांत माती. आई फाटकाशीच थांबली.

"हितं येऊन बी खुरपंच?" ती म्हणाली. "यासाठी शिकवली व्हय गं तुला?"

सिस्टर उठून पुढे आल्या. "सलाम, बाई. पोरगी तुमची गुणी आहे. मीच बिघडवली तिला."

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आक्का, तुम्ही त्या आफ्रिकेच्या बायांना बाटवाया जाता म्हनं?"

"त्या मी जायच्या आधीच ख्रिस्ती झाल्यात, बाई. तिथं देऊळ पोचलंय. पाणी पोचायचंय."

आईला ते पटलं असावं, कारण ती खाली बसली. डब्यातली भाकरी निघाली, सिस्टरांनी थर्मासमधला चहा ओतला. मग आईनं विचारलं, "त्या बायांना जमीन हाय का?"

"स्वतःची नाही. देवळाच्या मागे थोडी जागा वापरायला दिलीय."

"मंग शिकवून काय उपेग?"

"अहो, शिकल्या तर खातील ना."

"मला काय शिकवायचं ऱ्हायलं व्हतं, आक्का? कांदा माझ्यावानी कोन लावीत नव्हतं आख्ख्या गावात. पर रान दुसऱ्याचं. मालकानं सांगितलं उद्यापासनं येऊ नको, की त्या दिवशी माझी सगळी इद्या चुलीत."

"जमीन अशी मागून मिळत नाही, बाई. आधी काहीतरी उभं करून दाखवावं लागतं."

"म्या तीस वर्सं उभं करून दाखवलं. कुनी दिली?"

सिस्टर चिडल्या. मी त्यांना तसं चिडलेलं आधी पाहिलं नव्हतं. थर्मासचं झाकण त्यांनी इतकं आवळलं की नंतर मला उघडताना घाम फुटला. जाताना आईनं वाफ्यातला घेवड्याचा एक वेल खुंटीला नीट बांधला, आणि सिस्टरांनी मान हलवून तो बरोबर बांधल्याचं कबूल केलं. एवढंच.

पण त्या वर्षी केनियाला गेल्यावर सिस्टर आधी भाजीच्या वाफ्याशी गेल्याच नाहीत. त्या वस्तीच्या वडीलधाऱ्यांपुढं जाऊन बसल्या आणि विधवांसाठी जमीन मागितली. म्हातारे बराच वेळ हसले, आणि मग त्यांनी ओढ्याकाठचा एक तुकडा दाखवला. अट घातली. पुढचा कोरडा हंगाम तो तुकडा हिरवा राहिला तर पुढचं बोलू, वाळला तर वासरं चारायला परत. त्या तुकड्यावर आधी कुणी काही पिकवलं नव्हतं.

"एक हंगाम," परत आल्यावर सिस्टर मला म्हणाल्या. "मी समोर असले तर राखतील."

त्या समोर नव्हत्या. त्याच वर्षी त्यांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, दुसरा गुडघा बिघडला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. नॉटिंगहॅमला पाऊस लागायचा आणि सिस्टर खिडकीशी बसून तिथला उन्हाळा मोजायच्या. मी शनिवारी त्यांच्या घरी जायची. "आच्छादन घातलं असेल का गं त्यांनी? काटेरी कुंपण केलं असेल का? शेळ्या शिरल्या तर एका सकाळीत सगळं साफ." मी म्हणायची, "तुम्ही हातानं शिकवलंय ना, सिस्टर." तर म्हणायच्या, "तुझ्या आईलाही येत होतं सगळं."

हंगाम संपत आला तेव्हा तिथल्या देवळातल्या शाळेची बाई व्हिडिओ कॉल करणार असा निरोप आला. ती नाशिपाईचं बोलणं इंग्रजीत सांगणार होती. मी टॅब्लेट सिस्टरांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला. पडद्यावर नाशिपाई आली, मागं ऊन. सिस्टरांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"जमीन दाखव," म्हणाल्या.

फोन हलला, वळला, आणि पडद्यावर उंच गवत दिसलं. पिवळसर हिरवं, कमरेपर्यंत.

"हे काय? माझे वाफे कुठायत?"

शाळेची बाई म्हणाली, "नाशिपाई सांगते, अर्धे वाफे आहेत. बाकीच्यांत त्यांनी गवत लावलं."

"गवत? मी गवत उपटायला शिकवलं!"

तिकडं नाशिपाई पोट धरून हसायला लागली. मग फोनवर तिचा हात आला. तिनं बोटानं हवेत अर्धचंद्र काढला, त्यावर पाणी अडवल्याची खूण केली आणि गवताकडे बोट दाखवलं. शब्दावाचून. तो धडा मी ओळखला, सिस्टरांनीही ओळखला. तोच खड्डा, तेच पांघरूण, आत पालकाऐवजी त्यांच्या गाईंचं गवत.

शाळेची बाई पुढं सांगत होती. यंदा चारा कुठंच उरला नाही. वासरं भुकेनं खाली बसायला लागली, उठेनात. तेव्हा वस्तीतले पुरुष विधवांच्या काटेरी कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले. सर्वांत पुढं नाशिपाईचा दीर.

"त्यांनी काय मागितलं?" सिस्टरांनी विचारलं.

"गवत."

"मग तुम्ही काय मागितलं?"

ती बाई नाशिपाईकडे वळली. नाशिपाईनं उत्तर तिच्या भाषेत दिलं, एकच शब्द. दुभाषी हसली.

"जमीन."

सिस्टरांनी टॅब्लेट जवळ ओढून ते गवत पुन्हा पाहिलं. वाफे मोडल्याचा राग अजून पुरता गेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कॉल संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लाव."

मी लावला. सिस्टरांनी सगळं सांगितलं. आईनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तिनं फक्त विचारलं, "दिली का?"

"दिली, बाई. साऱ्यांसमोर दिली."

"मंग आता शिकवा, आक्का. आता काय बी शिकवा."

चर्चमध्ये सिस्टरांनी त्या वर्षीचा अहवाल दिला तेव्हा लोकांना टवटवीत कोबीचे फोटो बघायचे होते. सिस्टरांनी काठी टेकत उभं राहून एकच फोटो दाखवला, गवताचा. पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "पण हे तर नुसतं गवत आहे." सिस्टर म्हणाल्या, "येस, लव्ह," आणि खाली बसल्या.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. हॉस्पिटलच्या जुन्या नर्सेस, मराठी मंडळ, तो बस ड्रायव्हर, सगळे आले. अलॉटमेंटचा तुकडा कौन्सिलनं प्रतीक्षायादीवरच्या एका जोडप्याला दिला. त्यांनी तिथं ट्यूलिप लावलेत. चांगले आलेत.

वसंतात चर्चच्या लोकांनी मला बोलावलं. आता केनियाला कोण जाणार, तू जाशील का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. सुट्टीही मागितली. चर्चनं तसं तिकडं कळवलं, तर शाळेच्या बाईकडून नाशिपाईचं उत्तर आलं. तू जरूर ये, पाहुणी म्हणून ये, पण शिकवायला येऊ नको. शेतीच्या दिवसांत आम्ही घरी नसू. पलीकडच्या वस्तीत विधवा आहेत, त्यांच्याकडे जातोय. आधी त्यांच्या म्हाताऱ्यांपुढं बसणार आहोत.

ओढ्याकाठची ती जमीन आज त्या विधवांची आहे. पलीकडच्या वस्तीला आता त्याच शिकवतात. यंदा नॉटिंगहॅमहून शिकवायला कुणी गेलं नाही.