घटपर्णीला लेंडीखत

आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. सुंदराबाईनं मेंढ्या रानात लावून दिल्या आणि ओसरीवर टांगलेली घटपर्णी उतरवून पुढ्यात घेतली. किडे खाणारं हे झाड तिची लेक प्रांजल बंगळूरला नोकरीला जाताना ठेवून गेली होती. पानाच्या टोकाला नवा घट लोंबला, की सुंदराबाई फोटो पाठवायची आणि प्रांजलचा लगेच व्हिडिओ कॉल यायचा. एरवी लेकीला सवड नसायची. घट भराभर यावेत म्हणून सुंदराबाईनं मुठीमुठीनं लेंडीखत घातलं, तर पानंच पिवळी पडली. घट थांबले, तसा फोनही थांबला. शेवटी आज तिनंच फोन लावला.

"आई, लेंडीखत घातलंस व्हय? मुळं जळत्यात त्याची! त्याला उपाशी मातीच लागती."

"घरातल्याला उपाशी कसं ठिवू गं?"

"तू पण ना! नुसत्या नारळाच्या भुशात लाव. दोन-तीन म्हयन्यांनी येतील घट."

"आन् तू?"

पलीकडं कुणीतरी प्रांजलला हाक मारली. "नंतर बोलते, आई."

सुंदराबाईनं साठवलेल्या पावसाच्या पाण्यात मुळं हलक्या हातानं धुतली, झाड भुशात लावून परत टांगलं आणि उष्टी भांडी घेऊन ती हौदावर गेली.