श्रावणात शर्टाला मासळीचा वास

आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. वडील मूळचे देवळ्याकडचे, पक्के माळकरी. आयुष्यभर कांदा पिकवला, पण चातुर्मासात तोही तोंडाला लावत नाहीत. माझ्या गळ्यातली तुळशीची माळही त्यांनीच घातलेली. अशा घरात, ऐन श्रावणात, माझ्या शर्टाला मासळीचा वास यायला लागला.

गंमत अशी की तो वास मला येतच नव्हता. मी बाही हुंगली, कॉलर हुंगली, काही नाही. बायको मात्र दार उघडताच ओढणी नाकाला लावायची.

"अहो, खरं सांगा, जेवता कुठे?"

"कॅन्टीनमध्ये! साबुदाण्याची खिचडी खाल्ली आज!" माझा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की माणूस आणखीच चोर दिसतो.

मी अंबडला एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉपमध्ये आहे. ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तोच कोअर. पूर्वी तो भाजून कडक करायचो. नवीन मशीन आल्यापासून अमाइन नावाच्या रसायनाची वाफ वाळूतून सोडतो आणि गाभा क्षणात दगडासारखा होतो. पहिल्या दिवशी नाकाला भयंकर झोंबलं. चार दिवसांनी झोंबेनासं झालं. मला वाटलं, वास गेला.

शेजारच्या ताई मालवणच्या. त्यांनी दोरीवरचा शर्ट हुंगून बायकोला सांगितलं, "साबणानं काय होतंय? लिंबू चोळ. मासळीचा वास लिंबानंच जातो." बायकोनं लिंबू चोळलं आणि वास खरोखरच गेला. मी सुटलो म्हणून हसलो, तर वडील म्हणाले, "लिंबानं गेला म्हंजे मासळीच व्हती. अजून काय पुरावा पायजे? माळ काढून ठेव."

मी काढली. फार लागलं मनाला. पण भांडू कुणाशी? सगळ्यांची नाकं खरी मानायची की माझं एकट्याचं? कधी कधी तर शंका यायची, आपण खरंच काही खाल्लं आणि विसरलो की काय!

त्यात हे धुकं. संध्याकाळी गाडीवरून येताना सगळं निळसर, धुरकट दिसायचं आणि दिव्यांभोवती गोल कडी. श्रावणात त्र्यंबकच्या बाजूला धुकं असतंच, म्हटलं यंदा इकडेही उतरलं. एका संध्याकाळी बाजारातून येताना बायको मागे बसली होती. मी म्हणालो, "केवढं धुकं आहे!"

"कुठाय?" ती म्हणाली, आणि लगेच किंचाळली. समोर केळ्यांची हातगाडी होती. थोडक्यात वाचलो.

तिला येणारा वास मला येईना आणि मला दिसणारं धुकं तिला दिसेना. सकाळी उठलो की सगळं लख्ख. मोतीबिंदू काय रात्रीतून उतरतो? मी चक्रावून गेलो. वडिलांना यातलं काही सांगू नकोस, एवढं तिला बजावलं. ते आधीच कावलेले होते.

मग शॉपमधल्या इतरांनाही दिव्यांभोवती कडी दिसू लागली, तेव्हा आम्ही मिळून साहेबांकडे गेलो. साहेबांनी अमाइनच्या पिंपाबरोबर आलेले कागद काढून वाचले. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीनंही पेट घेते. बुबुळाला सूज येते, तिनं धूसर दिसतं. नाक सरावलं की वास कळत नाही. पाण्यात विरघळतं, गटारात जाऊ देऊ नये, माशांना घातक.

माशांना! वास माशांचा आणि मारायचं माशांनाच? साहेब म्हणाले, मासळीचा वास हाही एका अमाइनचाच असतो. मशीनमधली वाफ स्क्रबर नावाच्या टाकीत आम्लानं धुऊन बाहेर सोडायची असते. ते आम्ल कधीच निकामी झालं होतं आणि कुणी बदललं नव्हतं.

"म्हणजे लिंबासारखं?" मी विचारलं.

"तसंच काहीसं."

मी उड्या मारतच घरी आलो आणि वडिलांना कागदातलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे वास मासळीचाच हाय ना?"

"वास तसलाच, पण मासळी नाही!"

त्यांच्या कपाळावरची आठी काही हलेना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ दे. डोळ्याचं काय म्हनला?"

आता लपवून उपयोग नव्हता. धुकं, कडी, हातगाडी, सगळं सांगितलं. ते उठले, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. माळ घाल म्हणतील, म्हणून मी वाट बघत होतो.

"त्यापरीस मासळी खाल्ली असती तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले.