उचलायचा नाही, कापायचा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला की आधी भांडी वाजतात, मग माणसं. ताटल्या फळीवरून घसरतात, तावदानं थरथरतात, आणि गल्लीतली प्रत्येक बाई फोन हातात घेऊन आपल्या माणसाला लावते. बोलायला नव्हे. सगळ्यांनी एकदम बोलायचं म्हटलं तर कुणाचाच फोन लागत नाही, हे या बायकांना कुणी शिकवायला आलं नव्हतं. कारखान्यात मोबाईल आत नेता येत नाही, तो गेटवरच्या पेटीत ठेवावा लागतो. बाहेर पळत आलेला माणूस पेटीतून आपला वाजता फोन काढतो आणि कापतो. कापला म्हणजे माणूस धड आहे. उचलला गेला, की मात्र बाई आधी पायात घालायला चपला शोधते, कारण उचलणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. वॉचमन, नाहीतर दवाखान्यातला.

ज्ञानेश्वरी बंडगर अशा कापलेल्या फोनांवर लहानाची मोठी झाली. तिचा बाप शिवाजी सांगोल्याकडून पोटामागं इकडं आला आणि एका केमिकलच्या कारखान्यात चिकटला. तो इतका चिकटला की गावाकडची भाषा सुटली नाही आणि बोईसरचा वास कपड्यांतून गेला नाही. आई साखरबाई घर सांभाळायची आणि आवाज झाला की फोन लावायची. फोन कापला गेला, की ती पदर तोंडाला लावून एकदा हसायची आणि परत भाकरी थापायला बसायची. पोरीनं हे इतक्यांदा पाहिलं, की जगात सगळीकडं असंच असतं अशी तिची समजूत होती.

पोरगी हुशार निघाली. पालघरच्या कॉलेजातून पदवी घेतली, मग शिष्यवृत्ती मिळवून परदेशात सार्वजनिक धोरण आणि जागतिक घडामोडी शिकायला निघाली. हे नाव शिवाजीच्या तोंडात काही बसेना. गेटवर कुणी विचारलं तर तो सांगायचा, "पोरगी सरकारं कशी चालवायची ते शिकायला गेलीया." सोबती म्हणायचे, "मग आपलं कधी चालू करणार म्हणावं?" शिवाजी हसायचा. त्याच्या आयुष्यातला हा एवढाच मोठा गर्व, आणि तो त्यानं कुणापासून लपवला नाही.

निघताना बापलेकीचा करार झाला. संध्याकाळी ड्युटी सुटली, की तिनं रोज फोन लावायचा, त्यानं कापायचा. बोलायचं ते रविवारी. "रोज बोलत बसलीस तर अभ्यास कवा करशील?" शिवाजी म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. रोज बोलला असता तर तो रोज रडला असता.

तिकडं बर्फ पडायचं. संध्याकाळी बोईसरला ड्युटी सुटायची तेव्हा तिथं सकाळ असायची. ज्ञानेश्वरी डबा भरता भरता फोन लावायची, पलीकडून कापला जायचा, आणि ती दप्तर उचलून वर्गाला पळायची. वर्गात जगभरची पोरं होती. कधी सगळे मिळून खोटा करार करायचे, एकेकानं एकेक देश व्हायचं. ज्ञानेश्वरी एकदा बेटांचा देश झाली आणि समुद्र वाढतोय म्हणून तावातावानं भांडली. कधी एका पानात मंत्र्याला सल्ला लिहायचा असे, पुराचा, दुष्काळाचा, निर्वासितांचा. तिला हे आवडायचं आणि खुपायचंही. ज्यांच्याबद्दल एवढं बोलणं चाललंय त्यांच्यातलं वर्गात कुणीच नाही, असं तिच्या मनात यायचं. मग ध्यानात यायचं, की आपण आहोत की. तेव्हा ती हात वर करायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिनं विषय घेतला तो आपलाच. कारखान्यांच्या पट्ट्यात धोक्याची सूचना माणसांपर्यंत पोचते कशी? भोंगे, संदेश, आराखडे, सगळं तिनं मांडलं. मग सांगितली बोईसरच्या बायकांची रीत. वर्ग थक्क झाला. शिकवणाऱ्या बाई मात्र चष्मा काढून म्हणाल्या, "रीत छान आहे. पण बटण कोणी दाबलं हे तुला कसं कळतं?"

ज्ञानेश्वरी हसली. "ज्याचा फोन तोच दाबणार. दुसरं कोण दाबेल? या फोनवर कुणी खोटं बोलत नाही."

"ते सिद्ध करून आण," बाई म्हणाल्या.

मग ती कामाला लागली. अंतिम सादरीकरण जवळ आलं, झोप उडाली. त्याच दिवसांत रविवारचा फोन साखरबाईनंच आपल्या मोबाईलवरून लावला. "आबा कुठंयत?" "डबल ड्युटी लागलीया बाई त्यास्नी. रातच्याला येत्यात. तू जेवतीस न्हवं?" पुढच्या रविवारीही तेच. ज्ञानेश्वरीला खरं सांगायचं तर बरंच वाटलं, बोलणं लवकर आटोपलं म्हणून. आणि फोन तर रोज संध्याकाळी वेळच्या वेळी कापला जात होता. मग काळजी कसली?

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी तिनं फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. ती निश्चिंत मनानं आत गेली आणि असं बोलली, की समोरची माणसं लिहायची थांबली. बाईंचा प्रश्न पुन्हा आला. "माझ्या आईनं बावीस वर्षं हा फोन लावलाय," ती म्हणाली. "एकदाही फसली नाही. तिथं माणसं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवतात, तिच्याशी कुणी खेळत नाही." बाईंनी मान हलवली. बाहेर मैत्रिणींनी केक आणला होता. ज्ञानेश्वरीला वाटलं, आज एक फोन जास्त लावला तर काय बिघडेल? आबांना कळायला नको का? तिनं लावला.

फोन उचलला गेला.

"हॅलो," साखरबाईचा आवाज आला. तेवढाच. ज्ञानेश्वरीनं हातातला केक खाली ठेवला. पलीकडं बायकांचं हुंदके देत चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. तिनं काही विचारायची गरज नव्हती, तरी तोंडातून निघालंच, "कधी?"

"आज दुपारी," साखरबाई म्हणाली. "परीक्षा झाली का गं?"

विमानात तिला झोप नव्हती आणि रडूही येत नव्हतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. डबल ड्युटी म्हणजे माणूस कारखान्यात. माणूस कारखान्यात म्हणजे फोन गेटवरच्या पेटीत. पेटीतला फोन संध्याकाळी कापला कोणी? हे बोईसरच्या शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. जगाच्या धोक्यांचा अभ्यास करणाऱ्या पोरीला ओळखता आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी पोचली तेव्हा शेजारची लाडकी दारातच बसली होती. लाडकी मूळची उमरोळीची, बोलायला फटकळ. तिनं ज्ञानेश्वरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आमी सांगितला व्हता तुझ्या आयला, पोरीला कळव. ऐकली नाय. कोनी मोबाईलवर तुझ्या बापाचा फोटू लावायचा नाय, अशी ताकीद दिली व्हती साऱ्यांना. त्या दिशी घरात मयत हाय, नि तुझा फोन वाजला. समद्यांसमोर कापलान तिनं."

ज्ञानेश्वरी आईसमोर उभी राहिली. जिचे पाय धरायचे तिच्यावर ती ओरडली. "मी आले असते! एका दिवसात आले असते! मला आबांचं तोंड तरी दिसलं असतं. तू कापत राहिलीस? आपला फोन?"

साखरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं. शिवाजी न्हाणीत पडला. एक अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात पहिल्याच संध्याकाळी पोरीचा फोन वाजला. "मी उचलाय गेले. देवाशपथ उचलाय गेले. तर त्यांनी माझं मनगट धरलं. एक हात चालत हुता, त्येनं. फोन जवळ वढला आन् अंगठ्यानं कापला. माझ्याकडं असं बघितलं, की मला पुढं बोलवंना."

ज्ञानेश्वरी खाली बसली.

"रोज तेच कापायचे," साखरबाई म्हणाली. "तुझ्या फोनाच्या आदीपास्नं वाट बघत पडायचे. वाजला की डोळं उघडायचे. मग हातातबी बळ राहिलं न्हाई, तवा मी अंगठा धरून टेकवायची. शेवटचं दोन दिस शुद्ध नव्हती. ते मी कापलं. आन् ते गेले त्या दिशीबी मीच कापला. त्यांनी सुरू केल्यालं, मी मोडू कशी?"

ज्ञानेश्वरीनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मग मात्र ती रडली. बाप आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, आणि ते तिच्यासाठी. ती त्याच्यावर रागवणार तरी कशी? आणि न रागवावं, तर एवढा राग ठेवायचा कुठं?

पदवी मिळाली. बाईंनी प्रकल्पाचं कौतुक केलं, तो छापू या म्हणाल्या. ज्ञानेश्वरीनं नको म्हणून कळवलं, कारण सांगितलं नाही. पुढं दिल्लीत एका संस्थेत कामाला लागली. "बोईसरला ये," असं साखरबाई म्हणाली नाही आणि "दिल्लीला ये" असं ज्ञानेश्वरी म्हणाली तर साखरबाई गेली नाही. शिवाजीचा फोन साखरबाईकडंच राहिला, त्याच नंबरचा. ज्ञानेश्वरी रोज संध्याकाळी तोच लावते. साखरबाईनं शपथ घेतली आहे, की यापुढं पोरीचा फोन कधी कापायचा नाही. ती पहिल्याच घंटीला उचलते. आणि रोज तिचा "हॅलो" ऐकला, की ज्ञानेश्वरीची नजर तशीच चपला शोधते. बरी बातमी असली तरी शोधते.

परवा टीव्हीवर खाली पट्टी आली. बोईसरला कारखान्यात स्फोट. ज्ञानेश्वरीनं हातातलं टाकून फोन लावला. आपलं कुणीच आता तिथं कामावर नव्हतं, आई घरात होती, हे तिला कळत होतं. तरी घंटी वाजत असताना तिनं लहानपणीसारखे डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, काप. काप. काप.

फोन उचलला गेला.

"हॅलो. मी बरी हाय गं. भांडी पडली निस्ती."

"आई," ज्ञानेश्वरी म्हणाली, "एकदा काप ना. एकदाच."

पलीकडं भांडं फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग साखरबाईनं नाक ओढलं.

"न्हाई माझ्या बाई," ती म्हणाली. "ते कापणारं माणूस गेलं. तू बोल माझ्यासंगं."