मी दार लावून वाचत होतो

त्या सकाळी मला काय वाटलं हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शेवंता सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. सकाळची वेळ होती. हिंगोलीतल्या माझ्या दवाखान्यात सिझेरियनच्या आधी मी हात धूत होतो, नर्सनं फोन माझ्या कानाला धरला होता आणि पलीकडून सिस्टरची मुलगी अर्चना सांगत होती, "साहेब, आई गेली... पहाटं." सिस्टरची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत हे मला माहीत होतं. औषधं मी माणसाकरवी पाठवत होतो, स्वतः गेलो नव्हतो. अर्चनाशी चार बरे शब्द बोललो. नर्सनं फोन बाजूला ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा: आता माझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही. त्या विचाराची मलाच इतकी भीती वाटली की कोपरापर्यंत साबण लावलेले हात तसेच वर धरून मी उभा राहिलो. महिना उलटून गेला. भीती तिथंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

अकरा वर्षांपूर्वी मी सेनगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. पस्तिशी ओलांडलेली, एमबीबीएसवरच अडकलेला. बरोबरचे सगळे पुढं शिकून मोठ्या शहरांत स्थिरावले होते. मला स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातच पदव्युत्तर प्रवेश हवा होता. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात राहिलो. तिसरी शेवटची, असं घरी कबूल केलं होतं. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेचे जादा गुण मिळतात, पण अर्जासोबत खात्याचं प्रमाणपत्र लागतं की याच्याविरुद्ध कसलीही चौकशी चालू नाही. त्या एका कागदावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं.

शेवंता सिस्टर तिथल्या जुन्या परिचारिका. जवळच्याच एका तांड्यावरच्या. बारीक चण, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि बाळंत होणाऱ्या बाईच्या पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची सवय. थंड हात लागला की बाई आखडते, लेकरू बी आखडतं, असं त्यांचं म्हणणं. पोटावर हात ठेवून त्या किती वेळ लागेल ते सांगायच्या आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. माझ्या टेबलावर जाडजूड पुस्तकं असायची. त्या चित्रं बघायच्या आणि हसायच्या. "साहेब, पुस्तकातली बाई लई शहाणी हाय. बराबर टायमाला मोकळी व्हते, वरडत बी न्हाई."

"तुमची बाई काहून ओरडते मग?"

"माझ्या बाईला माहेरी चुलीवर दूध ठिवून आल्याचं आठवतं ना मधातच."

अभ्यासाची सोय त्यांनीच करून दिली होती. दुपारी बाह्यरुग्ण विभाग आटोपला की मी मागच्या खोलीत बसायचं, आणि कुणी विचारलं तर त्या सांगणार, साहेब व्हिजिटला गेलेत. "तुमी वाचा. मी हाय ना." असं त्या इतक्या सहज म्हणायच्या की काही दिवसांनी मला तो माझा हक्कच वाटायला लागला. सुरुवातीला खोलीचं दार उघडं असायचं. मग बाहेरचे आवाज नकोत म्हणून लोटून घेतलं. मग कडी लावायला लागलो.

त्या दिवशी मीरा नावाची बाई आली होती. जवळच्याच गावची, विशीतली, दुसऱ्या खेपेची. मी सकाळी तिला तपासलं होतं, सगळं ठीक होतं. बाराच्या पुढं मी मोबाइलवर सराव परीक्षेला बसलो. साडेतीन तासांची परीक्षा, मध्ये थांबवता येत नाही, उठलात की घड्याळ पळत राहतं. दोन वाजून वीस मिनिटांनी सिस्टरनी दार वाजवलं. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण माझ्यासमोर घड्याळच होतं.

"साहेब, मीराच्या लेकराचं डोकं खाली सरकून नाही राहिलं. पाणी हिरवट दिसतंय. गाडी बोलवू का?"

गाडी बोलवायची तर माझ्या सहीची चिठ्ठी लागायची. मी कडी न काढताच म्हणालो, "दहा मिनिटं. मी बघून सांगतो."

तीनच्या सुमाराला त्या परत आल्या. या वेळी दार वाजवलं नाही, दाराला तोंड लावून हळू बोलल्या. बाहेर मीराची सासू बसली होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. "साहेब, लेकराचे ठोके कमी यायलेत. या हो." मी "आलो" म्हणालो. तेव्हा कुठल्या प्रश्नावर होतो हे मला आठवत नाही. अकरा वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. निदान तो प्रश्न अवघड तरी होता का... तेही सांगता येत नाही.

मी परीक्षा संपवून उठलो. चार वाजायला दहा मिनिटं होती. बाळंतपणाच्या खोलीत पाय टाकला आणि मीराच्या चेहऱ्याचा रंग बघितला. पोटाचा आकार बदलला होता. कळा एकदम थांबल्या होत्या आणि ती बिचारी म्हणत होती, "आता बरं वाटायलंय, दुखायचं राह्यलं." नोकरीच्या तेवढ्या वर्षांत मी इतका कधी घाबरलो नव्हतो. गर्भाशय फाटलं होतं. गाडी बोलावली, सलाइन लावलं, सिस्टर तिच्यासोबत नांदेडला गेल्या. मीरा वाचली. लेकरू वाचलं नाही आणि गर्भाशय काढावं लागलं.

गाडी येईपर्यंतच्या वीस मिनिटांत मी जे केलं ते आता सांगतो. बाळंतपणाच्या प्रत्येक बाईचा एक तक्ता असतो. दर अर्ध्या तासाला त्यात नोंदी करायच्या, आणि खाली एक चौकट असते, डॉक्टरांना कळवल्याची वेळ. खरं तर तो तक्ता आमच्याकडे कुणीच त्या त्या वेळी भरत नसे. बाई मोकळी झाली की एका बैठकीत सगळे ठिपके काढायचे, अशीच रीत पडून गेली होती आणि मीही ती चालवून घेतली होती. त्यामुळं ती चौकट कोरी होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं, तीन पंचेचाळीस. सिस्टर समोर सलाइनची बाटली धरून उभ्या होत्या. त्यांनी तो आकडा वाचला. माझ्याकडं बघितलं नाही. बाटली अडकवली, पेन घेतलं आणि खाली सही केली.

चौकशीला अधिकारी आले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांनी सिस्टरना विचारलं, डॉक्टर आवारातच होते, मग पावणेचारपर्यंत कळवलं का नाही? सिस्टर म्हणाल्या, "मला वाटलं व्हईल मोकळी. माझी चूक झाली, साहेब." एवढंच. ठपका त्यांच्यावर आला, वेतनवाढ रोखली, दूरच्या उपकेंद्रावर बदली झाली. मला प्रमाणपत्र मिळालं. मी अर्ज भरला आणि त्या वर्षी मला हवा तोच विषय मिळाला.

निघायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. आभार मानायचे की माफी मागायची, ठरत नव्हतं. त्या तूर पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाई केलं. नांदेडच्या रस्त्याला किती बाया गेल्या माझ्या मांडीवर, मला म्हाईत हाय. हितं बायांचा डॉक्टर बसला पायजे. शिकून या, पण हितंच या." मी मान हलवली. मग सूप थांबलं. "आन् साहेब, वाचताना दार लावत जाऊ नका."

मी शिकलो आणि इथंच आलो. लोक मला चांगला डॉक्टर म्हणतात. पण त्या शिक्षणाची सगळी वर्षं मी घाबरून काढली. वॉर्डात कुणी पळत आलं की वाटायचं, माझ्याबद्दलच काही कळलं. दिवाळीला सिस्टरचा फोन यायचा आणि मी तो वाजू द्यायचो. त्या कधी काही मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी भीती त्यांचीच वाटायची. तिकडं त्यांचं काय झालं ते मला इतरांकडून कळत राहिलं. पंचक्रोशीत बोलवा झाली, या बाईच्या हाताला यश नाही. तांड्यावरच्या बायकासुद्धा बाळंतपणाला दुसरीकडं जायला लागल्या. पुढं त्यांना लसीच्या डब्याशिवाय काही काम राहिलं नाही. पोटावर ठेवायला ऊन केलेले हात... आणि समोर कुणी नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. अर्चनाही आईसारखीच नर्स झाली आहे. तिनं पाणी दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "साहेब, त्या दिवशी आईनं तुमाला खरंच बोलावलं न्हवतं का?"

मी म्हणालो, "दोनदा बोलावलं होतं. मी गेलो नाही. वेळ मी लिहिली."

ती रडली नाही, चिडलीही नाही. "आईनं मला काहीच सांगितलं न्हाई. पण माझी आई साध्या टाक्याला बी डॉक्टरला हाक मारायची. ठपक्याच्या कागदात पावणेचार लिवलंय, तवर ती गप बसल व्हय?" मग तिनं माझ्यासमोरचं पाण्याचं भांडं उचललं. "मीरा हाय की अजून त्याच गावात. आई बाजारात दिसली की ती तोंड फिरवायची. आई घरी येऊन जेवायची न्हाई त्या दिवशी. मीराला कवा सांगता?"

खात्याला मी सहीनिशी लेखी कळवलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल, कदाचित माझी नोंदणी जाईल. त्याची भीती आहेच, पण तो कागद होता, टपालात टाकता आला. मीराच्या गावाकडं दोनदा गाडी काढली आणि दोन्ही वेळा फाट्यावरून परत फिरलो. ती शिव्या देईल याची भीती नाही वाटत. ती ऐकून घेईल आणि काहीच बोलणार नाही, याची वाटते. तिच्या अंगणात जाऊन, तिच्यासमोर बसून, सिस्टरनी मला दोनदा बोलावलं होतं आणि मी आलो नाही, एवढं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.