बिनसरसाच्या खुर्च्या

सरसाचं भांडं चुलीवर चढलं की धोंडूदादा रंधा खाली ठेवायचा आणि धोतराचा सोगा नाकाला लावून रस्त्यापलीकडे जाऊन बसायचा. सरस म्हणजे जनावराचं कातडं उकळून केलेली खळ. दादा माळकरी. खालापुरात आम्हा दोघांचं सुतारकामाचं दुकान होतं. सरस मी लावायचो, तो लावत नसे.

लढाई संपली त्या सुमारास खंडाळ्याच्या एका बंगल्यातून साहेबानं जेवणाची जुनी खुर्ची पाठवली. त्याच्या आजाच्या वेळची, शिसवी, पाठीवर वेलबुट्टी, हातांना घोटीव वळण. तशाच आणखी, एका मेजाभोवती पुरतील एवढ्या खुर्च्या हव्या होत्या. दादानं त्या भर पावसाळ्यात केल्या. जुनी कुठली आणि नवी कुठली, मलाही निरखून बघावं लागे. पण सरसाचा थेंब नाही. नुसते ठोकून बसवलेले सांधे आणि बांबूच्या खुंट्या.

मी म्हणालो, "दादा, लाकूड सुकलं की सांधे सुटतील."

"माणूस जेवायला बसणार त्यावर. सांध्यात कातडं घालू?"

"अरं, साहेब तेच खातो!"

"त्यानं काय खावं ते त्याचं त्याला. माझा हात नाय लागायचा."

माघात घाटावरचं कोरडं वारं सुटलं आणि बंगल्याचा बटलर खाली आला. "मडम बोलली, मेजावर मानसांपेक्षा खुर्च्याच जास्ती बोलतात." दादा वर गेला, सांध्यांत पाचरी ठोकून आला. उन्हाळ्यात खुर्च्या पुन्हा करकरल्या. साहेबाचा निरोप आला, सरस लावा, नाहीतर घेऊन जा. आजूबाजूच्या बंगल्यांचं कामही त्यावरच अडलेलं.

मी हात जोडले. "तू नको लावू. मी लावतो. तू तोंड फिरव."

"खुर्ची माझी हाय. तोंड कुठं फिरवू?"

आणि या माणसानं बैलगाडी नेऊन सगळ्या खुर्च्या घाटाखाली आणल्या! बंगल्यांचं काम मुंबईच्या दुकानांनी नेलं. मी बोलू नये ते बोललो असं लोक म्हणतात. मी बोललो ते बरोबरच होतं. दादानं हत्यारं उचलली आणि कुंभिवलीला जाऊन नांगर करू लागला. नांगराला सरस लागत नाही.

दोन पावसाळे गेल्यावर मी त्याच्या दारात गेलो. तो नांगराचं रुमणं, हातात धरायचा दांडा, तासत होता.

"असल्या हातानं रुमणी तासतोस? लाज नाय वाटत?"

"नांगर करकरला तर बैल बटलर धाडत नाय," म्हणाला आणि आपणच हसला.

"चल परत."

"सरस सोड, येतो."

"नाय सोडणार."

"मग पाणी पी आनि जा."

पाणी प्यालो आणि आलो. त्याच साली तो तापानं गेला.

चूक त्याचीच होती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण कुंभिवलीच्या शेतांतून जाताना त्यानं केलेला नांगर मला लांबून ओळखू येतो. रुमण्याच्या मुठीला तो साहेबी खुर्चीच्या हाताचं वळण द्यायचा, बोटं बसतील असं, घोटून गुळगुळीत केलेलं. धरणाऱ्याचा हात चिखलानं भरलेला असतो. त्याला त्या वळणाचं काय!