बिडीचा संकल्प

काशीतच राहणाऱ्याला काशीसाठी काही सोडावं लागत नाही, असा माझा लहानपणापासूनचा ग्रह. सोडायचं ते यात्रेकरूंनी. वडील दशाश्वमेध घाटावर त्यांचे संकल्प सांगत. कुणी वांगं सोडी, कुणी पेरू, आणि काही बेरकी मंडळी कारलं सोडून पुण्य पदरात पाडून घेत! मी भिक्षुकी न करता छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, ते वडिलांना रुचलं नव्हतं. माझ्या बिडीचा तर त्यांना पत्ताच नव्हता.

एका दुपारी छापखान्यात कुणाच्या तरी बिडीची ठिणगी पडली आणि कलेक्टरसाहेबाच्या कचेरीसाठी आणलेला कागदाचा गठ्ठा पेटला. लगेच विझवला, पण मालक भडकले. छापखान्यात बिडी बंद! इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, घाटावर बंद, घरीही बंद. ज्याच्या तोंडाला वास येईल त्यानं दुसऱ्या दिवशी येऊ नये. अहो, कागद तुमचा, कबूल. माझी छाती कधीपासून तुमची झाली? हे सगळं मी अर्थातच मनातल्या मनात म्हटलं.

नुसत्या हुकमाला कोण जुमानतो, असं वाटून त्यांनी गंगाजल मागवलं आणि मला पुढे केलं. "तू पंडिताचा मुलगा. सगळ्यांकडून संकल्प करवून घे." मी करवून घेतला. एकेकाच्या तळहातावर पळीनं पाणी घातलं, नाव-गोत्र वदवलं, आजपासून बिडी वर्ज्य असं म्हणवून घेतलं. माझ्या हातावर पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही, आणि मी कशाला सुचवतोय! सांगणारा तो उपाध्याय, सोडणारा तो यजमान. शास्त्र माझ्या बाजूनं होतं.

पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. दुपारच्या सुट्टीत मी मंगला गौरीच्या देवळाखालच्या घाटाच्या पायऱ्यांवर पळायचो, चार झुरके मारायचो, लवंग चघळत धावत परत. पेटीतले खिळे भलतेच उचलले जायचे. आणि समोर छपाईच्या यंत्रावर आमच्यातला एक म्हातारा. जातीचा नावाडी, छापखान्यात जन्म गेलेला; मला शाई कशी ओळखायची ते त्यानंच शिकवलेलं. छातीत नुसती घरघर. बिडी सोड नाहीतर जाशील, असं वैद्यानं त्याला कितीदा बजावलं होतं. आता सोडली होती, पण हात सारखा कानाकडे जायचा. तिथे तो बिडी खोचून ठेवायचा.

आठ-दहा दिवसांनी तो माझ्या मागोमाग पायऱ्यांवर आला. मी दचकून पेटती बिडी पाठीमागे मुठीत धरली.

"पंडितजी, संकल्प वापस ले लीजिए," म्हणाला, हात जोडून. "तुम्ही दिलात, तुम्हीच सोडवा. आता नाही सहन होत."

एका शब्दाचं काम होतं. वडिलांकडे प्रत्येक गोष्टीला प्रायश्चित्त असायचं, ते मला पाठ होतं. पण त्याची छाती? आणि काम गेलं तर या वयात त्याला ठेवणार कोण?

"नका हो काका," मी म्हटलं. "खोकला किती उतरलाय बघा."

"तुमच्याकडे बघूनच रेटत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, हा तरणा पोरगा सोडू शकतो, तर मी का नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुठीत चटका बसत होता. मी हात पुढे आणला आणि उघडला.

तो त्या बिडीकडे बघत राहिला. त्यानं एक झुरका मागितला असता ना, तर देवाशपथ, मी दिला असता! त्यानं मागितला नाही. पायऱ्या उतरून गेला, ओंजळीत पाणी घेऊन वर आला.

"हाथ लाइए. मंत्र तुम्ही म्हणा, पाणी मी घालतो."

मी बिडी टाकली आणि तळहात पुढे केला. नाव आलं, गोत्र आलं. बिडीपाशी जीभ अडली ती अडलीच. तोवर बोटांतून पाणी सगळं गळून गेलं.

म्हातारा पुन्हा खाली उतरला आणि खोकत, थांबत, पुन्हा ओंजळ भरून वर आला.

तिसऱ्यांदा त्याला चढायला लावलं नाही मी.