मूळ प्रत पाहावी

आमच्या छापखान्यात सगळ्यांत चिक्कू कोण, असं कुणालाही विचारलंत तर एकच उत्तर मिळेल: वेलांटीबाई. खरं नाव हजेरीपटावर असेल, ते कुणी घेत नाही. एकतीस वर्षं त्या इथे मुद्रितशोधनाचं काम करतात, म्हणजे छापायच्या आधी मजकूर वाचून चुका काढतात, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी इतक्या जणांना रडवलंय की हे नाव आपोआप पडलं. "जरा पेन देता का" म्हटलं की त्या "नाही" म्हणतात. सबब नाही, हसून वेळ मारून नेणं नाही, नुसतं "नाही". छत्री नाही, कात्री नाही, डब्यातला घास नाही, आणि खिडकीजवळची खुर्ची तर नाहीच नाही. मी इथे चित्रकार म्हणून लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांची पट्टी न विचारता उचलली होती. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, रुमालाने पुसली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करून लोकांना हसवत आलो. हे आधीच कबूल केलेलं बरं.

कामात मात्र बाईंचा हात धरणारा कुणी नाही. एका वर्षी शुभेच्छापत्रांवर "नाताळ दिन"ऐवजी "नाताळ दीन" पडलं होतं आणि पत्रं मशीनवर चढायच्या बेतात होती. मॅनेजर म्हणाले, "अहो, एका वेलांटीने काय होतंय? कोण बघतंय?" बाई म्हणाल्या, "जो बघेल त्याचा दिन दीन होईल." सगळं काम पुन्हा करायला लावलं. त्यांचा एकच नियम होता आणि नव्या माणसाला तो पहिल्या तासाला ऐकावा लागे: शुद्धलेखन आपलं, मजकूर लेखकाचा. लेखकाने सूर्य पश्चिमेला उगवला म्हणून लिहिलं, तर "पश्चिमेला" शुद्ध लिहिलंय का, एवढंच बघायचं. फारच खटकलं तर समासात "मूळ प्रत पाहावी" असं लिहायचं, म्हणजे लेखकाच्या हस्तलिखितात खरंच असं आहे का ते कुणीतरी ताडून बघेल. त्यापुढे आपण बोलायचं नाही.

छापखाना चर्चच्या मंडळाचा. या नाताळासाठी मुलांचं चित्रांचं पुस्तक काढायचं ठरलं, विषय औदार्य. लेखक एक निवृत्त पाळकसाहेब, ज्यांचं प्रवचन असलं की लोक भिंतीला टेकून उभे राहतात. गोष्ट एवढीशी. एका पाळकांची सात वर्षांची मुलगी, सगळे तिला छोटी म्हणतात. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये एक कुटुंब येतं, घर जळालेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेलं. त्यांची मुलगी थंडीने कुडकुडत असते. छोटी धावत पुढे जाते आणि आईने विणलेला निळा स्वेटर हसत हसत काढून तिला देते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की ही घटना खरी आहे आणि छोटी ही लेखकाची धाकटी बहीण. नवव्या पानावरच्या त्या हसण्यावर मी चार दिवस घालवले. पुढचे दोन दात पडलेले, गालाला खळी. मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी असा फुगलो की विचारू नका.

प्रुफं बाईंकडे गेली. सोळा पानं, पानाला चार ओळी, अर्ध्या तासाचं काम. पाच दिवस झाले तरी परत येईनात. मशीनवाला खोळंबला, मॅनेजर माझ्यावर उखडले, आणि मी तणतणत बाईंच्या खोलीत शिरलो.

"बाई, चार ओळी वाचायला आठवडा लागतो? की हेही परत द्यायचं जिवावर येतंय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. नुसतं नववं पान पुढे सरकवलं. टाइप करणाऱ्याने "पाळकांनी"च्या जागी "पालकांनी" टाकलं होतं. बाईंनी ल वर काट मारून शेजारी ळ लिहिला होता. त्याच्या खाली "हसत हसत" या दोन शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं: मूळ प्रत पाहावी.

"पाहिली," मी म्हणालो. "पाळकसाहेबांच्या अक्षरात तसंच आहे. हसत हसत."

"ती मूळ प्रत नाही."

"मग कोणती?"

"मी," बाई म्हणाल्या. "ही छोटी मी आहे. लिहिणारा माझा दादा. तुझं चित्र छान आलंय रे, फक्त मी हसत नव्हते. बस."

मी बसलो. त्या वर्षी बाईंची आई गेली होती. जायच्या आधी तिने अंथरुणात उठून बसून एकाच लोकरीचे दोन स्वेटर विणले, एक दादाला आणि एक छोटीला. नाताळच्या सकाळी दोघं पहिल्या बाकावर होती. ते कुटुंब आत आलं तेव्हा वडिलांनी पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या उंच ओट्यावरून, विचारलं, "या लेकरासाठी कोण काय देतंय?" भरलेल्या चर्चमध्ये कुणी हललं नाही. सगळी शहाणी माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसली. तेव्हा वडिलांनी स्वतःच्या मुलांकडे पाहिलं, आधी मोठ्याकडे. दादा अकरा वर्षांचा. तो उठून म्हणाला, "बाबा, छोटी देते म्हणाली."

"मी काहीच म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या. "मग मात्र म्हणाले. नाही म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की शेवटच्या बाकालाही ऐकू गेलं असेल. बाबांनी मला बाकावर उभं केलं आणि बटणं काढायला लागले. मी दोन्ही मुठींनी धरून ठेवला होता. त्यांनी एकेक बोट सोडवलं. एक बटण तुटून माझ्या हातात राहिलं. तेही मागतील म्हणून मी तोंडात टाकलं आणि गिळलं."

"गिळलं?"

"गिळलं. लोक टाळ्या वाजवत होते. आणि ती मुलगी, जिला तो दिला, तीही हसत नव्हती रे. मान खाली घालून उभी होती. शंभर लोकांदेखत दुसरीच्या अंगातून ओरबाडलेलं घालायला कुणाला आवडेल? तू तिलाही हसवलंयस."

मी माझ्या चित्राकडे पाहिलं. दोघी हसत होत्या. मला माझ्याच हाताची शिसारी आली.

गोष्ट तिथे संपली असती तरी पुष्कळ होतं. पण त्यानंतर सात नाताळ छोटीला स्टेजवर उभं केलं गेलं, "हीच ती." आणि घरात एक वाक्य कायमचं वस्तीला आलं: छोटी देते. कंपासपेटी, खिडकीकडचं अंथरूण, सहलीचा नंबर, काहीही असो, छोटी देते. ती सोळा वर्षांची असताना वडिलांनी अंथरूण धरलं, आणि नेमकं तेव्हाच दादाला दूरच्या मंडळीचं, म्हणजे परगावच्या चर्चचं, पाळक म्हणून बोलावणं आलं. मग अकरा वर्षं छोटीनेच दिली. तिच्यासाठी थांबलेला एक जण दोन वर्षं थांबला आणि मग थांबायचा कंटाळला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. वडिलांना मूठमाती देऊन आल्यावर पंधरा दिवसांत त्या या छापखान्यात रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी पेन मागितलं. त्या "नाही" म्हणाल्या. मागणारा खांदे उडवून निघून गेला.

"मला वाटलं होतं आता काहीतरी होईल," बाई म्हणाल्या. "काहीच झालं नाही. इतकं सोपं होतं ते."

आणि त्या "नाही"ची नक्कल करून मी नऊ वर्षं टाळ्या घेतल्या होत्या. मला त्या पाळकसाहेबांचा राग आला, त्यांच्या वडिलांचा आला, बुटांकडे बघणाऱ्या त्या चर्चभर माणसांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला. त्या रागातच मी मॅनेजरांकडे गेलो. ते म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, दोन शब्दांचा प्रश्न आहे, लेकरांना चांगलं वळण लागेल. सही घेऊन ये." आमच्याकडे शेवटच्या प्रुफावर मुद्रितशोधकाने "छापावे" असं लिहून सही केल्याशिवाय मशीन चालत नाही. बाईंनी सही केली नाही. "हे दोन शब्द असतील तोवर नाही," एवढंच म्हणाल्या. मॅनेजरांनी डोक्याला हात लावला आणि पाळकसाहेबांना बोलावून घेतलं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. उंच, पांढरे केस, सगळ्यांची विचारपूस करत. मशीनवाल्याच्या मुलीचं नावसुद्धा त्यांना ठाऊक होतं. बाईंच्या खोलीत येऊन ते हसले.

"छोटी, काय हा पोरकटपणा? पन्नास वर्षं झाली."

"एकावन्न. बस, दादा."

ते बसले. मी दाराशी उभा होतो. कुणी जा म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेलो नसतो.

"लेकरांना देणं शिकवायचंय मला," ते म्हणाले. "मी काय लिहू? तिच्या अंगातून काढून घेतला म्हणून? त्यातून ती काय शिकतील?"

"दुसऱ्याचं देऊन आपल्याला उदार होता येत नाही, हे शिकतील. मोठ्यांनाही वाचायला दे."

"बाबांबद्दल असं बोलू नकोस. साऱ्या मंडळीचे पाळक होते ते."

"होते ना. साऱ्यांचे पाळक होते. माझे पालक व्हायचं तेवढं राहून गेलं." बाईंनी काट मारलेल्या ल वर बोट ठेवलं. "ही चूक मी जन्मभर दुरुस्त करतेय. ल खोडायचा, ळ लिहायचा. आपल्या घरात ती उलटी खोडायला कुणी नव्हतं."

पाळकसाहेबांचं हसू उतरलं. "मग तुझं म्हणणं काय आहे?"

"पुस्तकात तू कुठे आहेस?"

ते प्रुफं चाळू लागले.

"सोळा पानांत मोठा भाऊ कुठेच नाही. त्या सकाळी तुझ्या अंगात काय होतं, दादा? तीच लोकर. कोट गळ्यापर्यंत लावून बसला होतास. चर्चमध्ये घाम येत होता तुला."

"अकरा वर्षांचा होतो मी."

"मी सात."

"आईने विणलेला होता, छोटी." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, प्रवचनातला नव्हताच तो. "मला तो सोडवेना."

"मला सोडवत होता?"

पाळकसाहेब उठले, टेबलावरची प्रुफं गोळा केली, एक पान खाली पडलं ते वाकून उचललं, आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. मशीनवाल्याच्या मुलीची चौकशी जाताना झाली नाही.

मॅनेजरांनी मला झापायचं तेवढं झापलं. मी त्याच संध्याकाळी दोघींचं हसू खोडलं. स्वेटर घट्ट धरलेल्या दोन मुठी काढल्या आणि बोटं सोडवणारा मोठा हात काढला. दुसरीची मान खाली घातली. बाकावर एक मुलगा बसवला, आणि त्याच्या कोटाच्या कॉलरीतून निळ्या लोकरीची बारीक कड दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर बघून म्हणाले, "मुलं घाबरतील." मी म्हटलं, "घाबरू देत. थोडी घाबरायलाच हवीत."

बारा दिवसांनी जाड लिफाफा आला. आत नववं आणि दहावं पान नव्याने लिहिलेलं: पाळकांनी विचारलं, कोण देईल? मोठ्या भावाकडेही तसाच स्वेटर होता. त्याने तो कोटाखाली लपवला आणि छोटीचं नाव सांगितलं. छोटी नाही म्हणाली. तरी तिचा स्वेटर काढून घेतला. तो भाऊ मि आहे. आमच्या घरातून त्या दिवशी कुणीच काही दिलं नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग लाल पेनने एकच दुरुस्ती केली. एवढा शिकलेला माणूस "मी" लिहिताना चुकला होता, ऱ्हस्व काढला होता, तो त्यांनी दीर्घ केला. चित्रांवरूनही नजर फिरवली, त्या मुलाच्या कॉलरीपाशी जरा थांबल्या, आणि खाली "छापावे" लिहून सही केली.

मॅनेजर दारात वाट बघतच होते. सही बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "चला! म्हणजे शेवटी भावाला माफ केलंत म्हणायचं! बरोबर आहे, नाताळ आहे, मोठं मन करायचं. मी फोन करून कळवून टाकतो त्यांना, बाईंनी माफ केलं म्हणून."

"काय कळवता?" बाई इतक्या जोरात उठल्या की खुर्ची मागे सरकून भिंतीवर आदळली. "मी असं कधी म्हणाले?"

"नाही, पण... एवढं त्यांनी लिहिलं..."

"त्याने खरं लिहिलं, मी सही केली. माफी माझ्याकडे आहे. द्यावीशी वाटली तर मी देईन, माझ्या हाताने, मला वाटेल त्या दिवशी. नाही वाटली तर नाही देणार. पण या खेपेला माझ्या अंगातून कुणी काढून घ्यायची नाही, आणि छोटी देते म्हणाली, असं कुणी सांगायचं नाही."

मॅनेजरांनी हातातला फोन खिशात ठेवला.